तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या मोठ्या टीव्हीवर चित्र एवढंसं का?

"एवढा मोठा टीव्ही घेतलात, मग चित्र मधोमध एवढंसं का? भरून लावा की!" माझ्याकडे जुने सिनेमे बघायला येणारं जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतं. सिनेमा चालू असताना नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर देतो.

टीव्हीवर दिसणारं काळं सगळं सारखं नसतं. वर-खालचे पट्टे बहुतेक वेळा सिनेमाचेच असतात. 1959 साली गुरुदत्तने 'कागज़ के फूल' सिनेमास्कोपमध्ये काढला. भारतातला तो पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्याची चौकट उंचीच्या सुमारे 2.35 पट रुंद, तर आपला 16:9चा टीव्ही 1.78 पटच. तेव्हा रुंदी पूर्ण भरली तरी वर-खाली जागा उरणारच. ती भरायची म्हटली तर डावी-उजवी मिळून चित्राचा जवळजवळ चौथा हिस्सा छाटावा लागतो.

आणि छाटायचं काय? 'वक्त ने किया' हे गाणं आठवा. छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी आरशांच्या मदतीने स्टुडिओच्या अंधारात प्रकाशाचा तो झोत उतरवला. वहीदा रेहमान आणि गुरुदत्त एकमेकांपासून लांब उभे असतात, आणि मधल्या रिकाम्या अंधारातून तो झोत तिरका खाली येतो. त्या दोघांमधलं अंतरच तिथे बोलत असतं. कडा कापल्या की तेच जातं. म्हणून वर-खालचे पट्टे मी काढत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

चारी बाजूंनी येणारी काळी चौकट मात्र सिनेमाची नव्हे. ती डीव्हीडी बनवताना पडलेली असते. पूर्वी घरोघरी 4:3चे चौकोनी टीव्ही होते. त्यांच्यासाठी रुंद सिनेमा डीव्हीडीवर घेताना वर-खालचे काळे पट्टे चित्रातच भरून टाकत. याला लेटरबॉक्स म्हणतात. अशी डीव्हीडी रुंद टीव्हीवर लावली की टीव्ही तिला 4:3 समजून मधे ठेवतो आणि बाजूंना आपले पट्टे जोडतो. वर-खालचे आधीच आहेत. झाली चौकट. हिशेब केला तर 42 इंची टीव्हीवर सिनेमास्कोपचं चित्र जेमतेम 30 इंची उरतं.

इथे रिमोटवरचं झूमचं बटण बेलाशक दाबावं. झूममध्ये चित्र दोन्ही दिशांनी सारखंच वाढतं, कडेपर्यंत पोचतं, आणि कापलं जातं ते फक्त वर-खालचं काळं. 30 इंचांचं 40 होतं. कित्येक टीव्हींवर त्याच बटणात पुढे 'वाइड' किंवा 'फुल' येतं. तिथे थांबू नका. ते चित्राला नुसतं आडवं ताणतं, सगळं एक तृतीयांशाने रुंद होतं. नायिकेच्या कपाळावरचं गोल कुंकू आडवं लंबगोल झालेलं मला बघवत नाही. 'संत तुकाराम' (1936) सारखा प्रभातचा सिनेमा तर मुळातच चौकोनी. त्याला दोन्ही बाजूंना काळं असणं हेच बरोबर. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा ताणून पडदा भरण्यात काय मिळवायचं?

झूमची किंमत मात्र मोजावी लागते, हेही सांगायला हवं. परदेशातल्या बाजारासाठी काढलेल्या पुष्कळ भारतीय डीव्हीडी एनटीएससी या अमेरिकी टीव्ही-पद्धतीत, म्हणजे चित्राच्या 480 आडव्या ओळींच्या असतात. लेटरबॉक्समध्ये त्यातल्या 270च्या आसपास ओळीच सिनेमाच्या वाट्याला येतात, बाकीच्या काळा रंग साठवण्यात जातात. त्या 270 ओळी ताणून मोठ्या केल्या की चित्र मऊ पडतं, लांबचे चेहरे विरघळल्यासारखे दिसतात. चार पावलं मागे बसलं की चालून जातं. दुसरी अडचण सबटायटल्सची. ती खालच्या काळ्या पट्ट्यात छापलेली असली तर झूममध्ये तीही कापली जातात. काही टीव्हींत झूम केलेलं चित्र वर सरकवता येतं. ती सोय नसेल आणि सोबतच्या माणसाला भाषा कळत नसेल, तर मी झूम न करता लहान चित्रच बघतो.

खरा इलाज डीव्हीडीतच हवा, आणि चांगल्या डीव्हीडीत तो असतो. अशा डीव्हीडीला अ‍ॅनामॉर्फिक म्हणतात. तिच्यात चित्र आडवं दाबून साठवतात आणि दाखवताना पुन्हा रुंद करतात. सिनेमास्कोपचं भिंग फिल्मवर जे करत आलं, तीच युक्ती. इथे सिनेमास्कोपला त्याच 480 मधल्या 360 च्या वर ओळी मिळतात, आणि तो फरक डोळ्यांना लगेच कळतो: साडीचा काठ, दारावरची पाटी, गर्दीतला एकेक चेहरा.

पण एवढी चांगली डीव्हीडी असूनही चौकट दिसते, असं पुष्कळ जण सांगतात. तेव्हा प्लेअर बघा. त्याच्या सेटअपमध्ये टीव्हीचा प्रकार विचारलेला असतो: '4:3 एलबी' (म्हणजे लेटरबॉक्स), '4:3 पीएस' (पॅन-स्कॅन, म्हणजे कडा कापून) आणि '16:9'. पहिला पर्याय निवडलेला राहिला असेल तर प्लेअर चौकोनी टीव्ही गृहीत धरून स्वतःच ओळी कमी करतो आणि पट्टे घालतो. तिथे 16:9 करा. कितीतरी घरांत नवा टीव्ही आला पण प्लेअर जुनाच राहिला, आणि त्याला कुणी हे सांगितलंच नाही.

डीव्हीडी विकत घेताना मी मागची बाजू वाचतो. 'एनहान्स्ड फॉर 16:9' किंवा 'अ‍ॅनामॉर्फिक' असं छापलेलं असेल तर दोन पैसे जास्त देतो. नुसतं 'लेटरबॉक्स' असेल तर सिनेमा दुसरीकडे मिळण्यातला नाही याची खात्री करूनच घेतो. 'फुल स्क्रीन' लिहिलेला सिनेमास्कोप चित्रपट मी घेत नाही. त्याच्या कडा आधीच कुणीतरी कापलेल्या असतात, आणि त्या कुठल्याच बटणाने परत येत नाहीत.