सीईटीत पर्सेंटाइल घसरलं? आधी कोरे प्रश्न मोजा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेत, कमी पडली की पहिलं खापर इंग्रजीवर फुटतं. बहुतेकदा खरी गळती वेळेत असते. 200 प्रश्न, 150 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 45 सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरी पन्नास-साठ प्रश्न कोरे सोडून येणारे कमी नाहीत. कॅटची, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करून आलेल्यांना तर सोडून द्यायची सवयच लागलेली असते. तिथं चुकीला गुण कापतात म्हणून ती कामाची, इथं घातक.

शेवटची मॉक, म्हणजे सराव परीक्षा, काढा. चुकलेल्या किंवा कोऱ्या राहिलेल्या प्रत्येक प्रश्नापुढं एक अक्षर लिहा: येत नव्हतं तर 'न', घाईत चुकलं तर 'घ', वेळच उरला नाही तर 'व'. 'न' जास्त असतील तरच पुस्तक उघडायचं. 'व' जास्त असतील तर नवीन धडे वाचून काडीचाही फरक पडणार नाही.

वेळेची वाटणी साधारण अशी ठेवा: व्हर्बलच्या (इंग्रजीच्या) 50 प्रश्नांना 30 मिनिटं, ॲबस्ट्रॅक्टच्या (आकृत्यांच्या) 25 ना 15, गणिताच्या 50 ना 40, लॉजिकलच्या (तर्काच्या) 75 ना 60. उरलेल्या पाच मिनिटांत कोऱ्या जागा भरायच्या, डोळे झाकून का होईना.

सगळ्यात जास्त वेळ खातात ती बैठकव्यवस्थेची कोडी. दोन मिनिटांत निदान दोन जागा पक्क्या झाल्या नाहीत तर संच सोडा. 'एवढा वेळ घातलाय, आता सोडवूनच उठतो' हा हट्टच पुढचे दहा सोपे प्रश्न गिळतो. आकृत्यांत एका वेळी एकच गोष्ट बघा: आधी फिरण्याची दिशा, मग रेघांची संख्या, मग काळा भाग. गणितात अपूर्णांक तोंडपाठ हवेत. 480 चे साडेसदतीस टक्के काढायला गुणाकार कशाला? तीन अष्टमांश, 180.

आठवड्याला एकच मॉक द्या, पण तपासायला तिच्या दुप्पट वेळ. मित्राची परीक्षा दुसऱ्या सत्रात झाली असेल तर त्याच्या कच्च्या गुणांशी तुलना नको. सत्रांची काठिण्यपातळी वेगळी असते, म्हणून गुण नॉर्मलाइज होतात, म्हणजे एका पातळीवर आणले जातात.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातल्या 865 गावांतल्यांनी सीमाभागासाठीच्या प्रवेशाच्या तरतुदीची कागदपत्रं आधीच जुळवावीत. आणि केंद्र कोल्हापूरला, सत्र सकाळचं असेल तर बेळगावातून पहाटेच्या बसच्या भरवशावर राहू नका, आदल्या रात्रीच मुक्कामाला जा.