फाटकापासून पोर्चपर्यंत मुरूमच का?

सहकारनगरातल्या आमच्या घराच्या फाटकापासून पोर्चपर्यंत पेव्हिंग ब्लॉक किंवा काँक्रीट नाही, तर मुरूम आणि बारीक खडी दाबून केलेली वाट आहे आणि तिच्यावरून रोज मोटार जाते. ‘पावसाळ्यात चिखल होत नाही का?’ हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. तुम्हीही तोच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

चिखल होतो तो जास्तीच्या मातीमुळे आणि अडलेल्या पाण्यामुळे. नुसती एकाच आकाराची खडी पसरली तर चाके ती कडेला लोटत राहतात. पण साधारण १० ते १५ मिलिमीटरच्या खड्यांपासून दगडाच्या भुकटीपर्यंत सर्व आकारांचा माल ओलसर असताना दाबला, की मोठ्या खड्यांमधल्या पोकळ्या लहान खडे भरतात, उरलेल्या फटींत भुकटी बसते आणि तिच्यातला थोडासा चिकणमातीचा अंश सगळे धरून ठेवतो. सिमेंट लागत नाही. इंग्लंडमध्ये वाळू, खडी आणि चिकणमातीचे ‘हॉगिन’ वाटांसाठी वापरतात. आपल्याकडे खडीकरणाच्या रस्त्यावर मुरूम टाकून, पाणी मारून रोलर फिरवतात, त्यामागचे तत्त्वही हेच आहे.

मात्र डंपरमधून येईल तो मुरूम चालत नाही, आणि माझ्या मते सर्वांत अधिक काळजी इथेच घ्यावी. ओलसर मुरूम मुठीत घट्ट दाबावा: त्याचा गोळा झाला पाहिजे आणि अंगठ्याने दाबताच तो फुटला पाहिजे. तळहातावर चिकट लेप राहिला तर माती जास्त आहे, आणि गोळा झालाच नाही तर भुकटी कमी आहे, असे समजावे. शंका असेल तर काचेच्या बरणीत पाणी घालून मुरूम ढवळावा आणि रात्रभर ठेवावा; सकाळी खडे, वाळू आणि गाळ यांचे थर वेगळे दिसतात.

खालची काळी माती काढून टाकलीच पाहिजे, कारण ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे काम उखडते. तिच्या जागी चार ते सहा इंच जाड खडीचा थर दाबून घ्यावा आणि त्यावर हा माल दबाईनंतर दोन इंच राहील असा पसरावा. कडेला दगडाची पक्की पट्टी हवी.

दाबलेल्या थरातून सगळे पाणी खाली मुरते, हा समज खरा नाही. मोकळ्या खडीपेक्षा ते फार कमी मुरते. म्हणून मध्यभाग उंच ठेवून दर मीटरला दोन ते अडीच सेंटिमीटर उतार दिला आहे आणि पाणी कडेच्या वाफ्यांत जाऊन तिथे जिरते. गच्चीचा पाइप या वाटेवर सोडू नये, त्याच्या धारेने भुकटी वाहून जाते. टेकडीच्या उतारावरच्या घराला किंवा सोसायटीच्या पार्किंगला मी हे सुचवणार नाही, कारण तीव्र उतारावर घळी पडतात आणि जागच्या जागी वळणारी चाके ओला थर उकरतात.

पावसाळा संपला की सैल झालेला भाग दाताळ्याने खरवडून, तोच माल घालून, पाणी शिंपडून धुम्मसाने ठोकावा लागतो. त्यासाठी सुरुवातीलाच थोडा माल बाजूला झाकून ठेवावा, कारण पुढच्या डंपरचा रंग जुळेलच असे नाही. नवे काम दिवाळीनंतर काढावे, म्हणजे पहिल्या जोरदार पावसापूर्वी थर पुरता बसतो.