नांदूर मध्यमेश्वर ते गॅलापागोस: आमची वाटचाल

दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशाच्या गॅलापागोस बेटांवर आम्ही सहली नेतो. त्यांच्या चौकशीला येणारे बहुतेक जण आधी खर्च विचारतात आणि मग लगेच म्हणतात, "एका फेरीत सगळी बेटं होतात ना?" खर्चाचं उत्तर आम्ही कागदावर लिहून देतो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र समोर बसवून, नकाशा पसरून उत्तर द्यावं लागतं. त्यात अर्धा तास सहज जातो आणि तोवर आमच्या ऑफिसात कोणी पैशांचा विषय काढत नाही. आमचा सगळा व्यवसाय या अर्ध्या तासावर उभा राहिला आहे, असं मला मनापासून वाटतं.

आम्ही नाशिकचे. मी एका पतसंस्थेत हिशेब पाहायचे. धाकटा भाऊ हिवाळ्यातला प्रत्येक रविवार नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर घालवायचा. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथलं हे पाणथळ, २०२०मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, ठरलं. त्याच्या कितीतरी आधीपासून भाऊ ओळखीच्यांना पहाटे गाडीत घालून तिकडे न्यायचा. कोणीतरी पेट्रोलचे पैसे देऊ लागलं, मग कोणी नाश्त्याचे विचारले, आणि एक दिवस मी वही काढून हिशेब लिहायला बसले. कंपनीची सुरुवात एवढीच.

तिथून आम्ही मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गेलो. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं घरट्यातून समुद्राकडे जाताना पाहायला लोक उत्साहाने यायचे आणि एखाद्या दिवशी सकाळ-संध्याकाळ थांबूनही एकही पिल्लू बाहेर यायचं नाही. मुलं रडायची, आई-वडील आमच्याकडे पाहायचे. तेव्हापासून आम्ही नोंदणी करतानाच सांगू लागलो की पिल्लं दिसतीलच असं नाही. दिसली नाहीत तर पैसे परत मिळणार नाहीत. काही जण ऐकून निघून गेले. जे थांबले, ते आजही आमच्याबरोबर फिरतात. पुढे अंदमान केलं. परवाने, बोटींची वेळापत्रकं आणि खवळलेला समुद्र यांचा सराव तिथे झाला.

गॅलापागोसचं नाव काढलं ते आमच्या गटातल्या एका निवृत्त जीवशास्त्राच्या बाईंनी. वेळासच्या ओसरीवर जेवताना त्या म्हणाल्या, "ताई, आयुष्यभर मुलांना फिंच पक्ष्यांच्या चोचीचं चित्र फळ्यावर काढून दाखवलं. ती बेटं दाखवाल का?" उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा चार्ल्स डार्विन १८३५च्या सप्टेंबरात बीगल जहाजातून तिथे उतरला आणि साधारण पाच आठवडे होता. बाईंना हे तोंडपाठ होतं. मला तेव्हा इक्वेडोर नकाशावर शोधावं लागलं असतं. भावाने मात्र त्या रात्रीच पत्रव्यवहार सुरू केला.

हा द्वीपसमूह इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून जवळजवळ १,००० किलोमीटर दूर प्रशांत महासागरात आहे. १९५९मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. जमिनीचा सुमारे ९७ टक्के भाग उद्यानात येतो आणि उरलेल्या जागेत माणसांची गावं आहेत. उद्यानात तुम्ही आपल्या मनाने फिरू शकत नाही. उद्यानाची मान्यता असलेला निसर्ग-मार्गदर्शक बरोबर हवाच, एका मार्गदर्शकामागे जास्तीत जास्त सोळा पर्यटक, आखलेली पायवाट सोडायची नाही, प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं, फ्लॅश वापरायचा नाही. सी लायन, म्हणजे समुद्रसिंह, आपण होऊन पायाशी येऊन झोपला तर मागे सरकायचं ते आपण.

आता त्या सगळ्या बेटांच्या प्रश्नाकडे येते. मुक्कामाच्या बोटींना उद्यान मार्ग आखून देतं. २०१२पासूनचा नियम असा की एका बोटीने चौदा दिवसांच्या आत तीच जागा पुन्हा गाठायची नाही. त्यामुळे प्रत्येक बोटीची पंधरा दिवसांची फेरी असते आणि तिचे तुकडे करून विकले जातात. एका आठवड्यात तुम्हाला पश्चिमेकडची इसाबेला आणि फर्नांदिना मिळतील, किंवा दक्षिण-पूर्वेकडची एस्पान्योला, फ्लोरेआना, सान क्रिस्तोबाल. कुठे उत्तरेला जेनोवेसा जोडलेलं असतं. "सगळं दाखवतो" असं म्हणणारा खोटं बोलतो. म्हणून आम्ही उलट विचारतो की तुम्हाला सगळ्यात जास्त काय पाहायचं आहे? पेंग्विन आणि उडता न येणारा पाणकावळा पाहायचा असेल तर पश्चिमेला चला. अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची जोडी चोचीला चोच लावून नाचताना पाहायची असेल तर एस्पान्योलाला पर्याय नाही, कारण त्या जातीचे जवळजवळ सगळे पक्षी त्या एका बेटावर घरटी करतात. आणि तेही साधारण एप्रिल ते डिसेंबर. जानेवारी ते मार्चमध्ये गेलात तर एस्पान्योलावर अल्बट्रॉस नसतातच. ते समुद्रावर असतात.

महिना ठरवणं म्हणूनच आमच्या कामाचा गाभा आहे. दिवाळीच्या सुट्टीत जायचं अशी बऱ्याच जणांची इच्छा असते. जून ते नोव्हेंबर तिथे गार हंगाम असतो. हम्बोल्ट हा सागरी प्रवाह थंड पाणी घेऊन येतो, आभाळ भरलेलं राहतं, समुद्र उसळतो आणि काही ठिकाणी पाणी २० अंशांच्या खाली जातं. त्या थंड पाण्यात अन्न भरपूर असल्यामुळे पक्षी आणि सी लायन मजेत असतात, पण गोदाकाठी वाढलेल्या साठीच्या माणसाला त्यात उतरवणं सोपं नाही. आम्ही मे निवडला. पाणी अजून बऱ्यापैकी उबदार असतं, अल्बट्रॉस परतलेले असतात, आणि शिक्षक मंडळींना सुट्टी असते.

मग पैसा. आम्ही सोळा जणांचीच बोट घेतो. शंभर प्रवाशांपर्यंतची जहाजंही तिथे चालतात, पण लहान बोटीत सगळा गट एका मार्गदर्शकाबरोबर एकाच वेळी किनाऱ्यावर उतरतो, कोणी पाळीची वाट पाहत बसत नाही. आठ खोल्यांची पूर्ण बोट धरायची तर वर्षभर आधी डॉलरमध्ये आगाऊ रक्कम भरावी लागते. रुपया घसरला की आमच्या पोटात गोळा येतो. पहिल्या वेळी भावाने आणि मी घरातलं सोनं गहाण ठेवलं होतं. आज ती वेळ येत नाही, कारण लोक आमच्या शब्दावर आधीच पैसे भरतात. त्या विश्वासाची जाणीव मला रोज असते. याशिवाय बेटांवर उतरताना उद्यानाचं शुल्क रोख द्यावं लागतं. ते १ ऑगस्ट २०२४पासून १०० वरून २०० डॉलर झालं. विमानतळावरच्या परवानापत्राचे वेगळे. हे आकडे आम्ही जाहिरातीत लपवत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. २०१९पासून भारतीयांना इक्वेडोरचा व्हिसा आधी काढावा लागतो. शिवाय जाताना ज्या देशात विमान बदलायचं, तिथले नियम वेगळे. आणि पीतज्वराची (यलो फीवरची) लस विसरायची नाही, कारण तिचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. आम्ही सगळ्यांना एकत्र घेऊन जातो. तिथल्या रांगेत गटाची पहिली ओळख होते.

सामानाची बैठक मात्र मी स्वतः घेते आणि ती लांबते. आपल्या माणसांना खाऊशिवाय घराबाहेर पडवत नाही. बेटांवर जाणाऱ्या प्रत्येक बॅगेची तपासणी होते. ताजी फळं, भाज्या, बिया, माती लागलेले बूट, काही चालत नाही. मी एक सोपी कसोटी सांगते, मोड येईल असं काहीही घ्यायचं नाही. मटकी नाही, मेथीदाणे नाहीत, मोहरीची पुडी नाही. एकदा एक काकू रागावल्या, "मूठभर मेथ्यांनी काय होणार आहे?" मी त्यांना पेरूच्या झाडाची गोष्ट सांगितली. माणसांनी नेलेल्या पेरूने तिथल्या डोंगराळ भागात रान माजवलं आहे. रुबस निव्हियस नावाची काटेरी रानबेरी तर आपल्या भारतातही उगवणारी. ती सांता क्रूझ बेटावरच्या मूळ झाडांना गिळते आहे. पिंटा बेटावर १९५९मध्ये तीन शेळ्या सोडल्या, त्यांचे पुढे हजारोंचे कळप झाले आणि कासवांचा चारा संपला. त्या बेटाच्या जातीचा शेवटचा कासव, लोनसम जॉर्ज, २०१२मध्ये गेला. काकूंनी मेथ्या घरी ठेवल्या. पुढच्या बैठकीत त्यांनीच दुसऱ्या एका बाईंच्या पिशवीतून जिऱ्याची पुडी काढून घेतली.

जेवणाची काळजी तिथे गेल्यावर मिटते. इक्वेडोरमध्ये मसूर किंवा घेवड्याची दाटसर उसळ भाताबरोबर वाढतात, तिला मेनेस्त्रा म्हणतात. शेजारी कच्च्या केळ्याचे तळलेले चपटे काप. शाकाहारी मंडळी तीन दिवस हे आनंदाने खातात, चौथ्या दिवशी लिंबाच्या लोणच्याची आठवण काढतात. जैन कुटुंबं असतील तर कांदा-लसूण-बटाट्याची यादी आम्ही स्पॅनिशमध्ये लिहून बोटीच्या स्वयंपाक्याला आधीच पाठवतो.

पोहणं ही आमच्या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. गॅलापागोसचं निम्मं वैभव पाण्याखाली आहे आणि आमच्या गटातल्या निम्म्या बायकांनी कधी पाण्यात पाऊल टाकलेलं नसतं. जाण्याच्या सहा महिने आधी आम्ही महापालिकेच्या तलावावर स्त्रियांच्या वेळेत सराव सुरू करतो. आधी मास्क लावून फक्त तोंड पाण्यात घालायचं. मग कठडा धरून तरंगायचं. ज्यांना शेवटपर्यंत जमत नाही त्यांना सांगतो की लाइफ जॅकेट घाला, मार्गदर्शकाच्या हातातली रिंग धरा, खाली बघा. आमच्या जीवशास्त्राच्या बाई अशाच रिंग धरून उतरल्या आणि खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारा सागरी इग्वाना त्यांनी पाण्याखाली पाहिला. समुद्रात चरणारी सरड्याची जगातली ही एकमेव जात. वर आल्यावर त्या कितीतरी वेळ कोणाशी बोलल्या नाहीत आणि संध्याकाळी मात्र डेकवर सगळ्यांना बसवून त्यांनी इग्वाना नाकातून मीठ कसं फेकतो ते समजावलं. मार्गदर्शक बाजूला उभा राहून ऐकत होता. मराठी त्याला कळत नव्हतं, पण हातवारे कळत होते.

२०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद पडलं. त्या मेची बोट पूर्ण भरलेली होती. इक्वेडोरने सीमा मिटल्या, आपली आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबली ती नियमितपणे सुरू व्हायला २०२२चा मार्च उजाडला. बोटीच्या मालकाने आमची रक्कम पुढच्या फेरीसाठी ठेवून घेतली. विमान तिकिटांचे पैसे एका मध्यस्थाकडे अडकले आणि ते सोडवताना जीव मेटाकुटीला आला. प्रत्येक प्रवाशाला आम्ही फोन केला, हिशेबाचा कागद पाठवला, आणि हवे त्याला त्याचा वाटा हप्त्याने परत देऊ म्हटलं. बहुतेकांनी पैसे आमच्याकडेच ठेवले. दोघे त्या काळात गेले. त्यांच्या घरी आम्ही रक्कम नेऊन दिली. त्या दोन वर्षांत पुन्हा नांदूर मध्यमेश्वरनेच आम्हाला जगवलं. निर्बंध सैल झाले तसे पहाटेचे छोटे गट सुरू केले आणि घरात कोंडलेले लोक दुर्बिणी घेऊन येऊ लागले.

त्या पहाटांचा फायदा पुढे फर्नांदिनावर दिसला. बंधाऱ्याच्या खांबावर पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा आमच्या गटाला चांगलाच ओळखीचा होता. फर्नांदिनाच्या काळ्या लाव्हावर बसलेला पाणकावळा त्याच ऐटीत पंख पसरतो, पण पंख म्हणजे नुसते खुंट. हा पक्षी उडणं विसरला, कारण जमिनीवर पळून जावं असा शत्रू नव्हता आणि खाणं सगळं पाण्यात होतं. पंख वाळवण्याची सवय मात्र उरली. उत्क्रांतीवर मी कितीही पत्रकं छापली असती तरी ही गोष्ट लोकांच्या मनात अशी बसली नसती. तेव्हापासून गॅलापागोसला येणाऱ्या प्रत्येकाने आधी एक हिवाळी सकाळ नांदूर मध्यमेश्वरला काढायची, अशी आमची अट आहे.

अलीकडे आम्ही बोटीवर न राहता गावांत मुक्काम करण्याचीही सहल सुरू केली आहे. सांता क्रूझवरच्या पुएर्तो आयोरात राहायचं, कोळ्यांच्या मासळी-ओट्यावर पेलिकन आणि सी लायन माशाच्या तुकड्यासाठी कसे ताटकळतात ते पाहायचं, स्पीडबोटीने इसाबेलाला जायचं, सिएरा नेग्रा ज्वालामुखीच्या कडेकडेने चालायचं. खर्च बराच कमी येतो आणि पैसा तिथल्या घरगुती हॉटेलांत, खानावळींत जातो. दूरची बेटं मात्र यात होत नाहीत, आणि स्पीडबोटीचे दोन तास पाठ धरणारे असतात. कंबरेचा त्रास असलेल्यांना मी ही सहल घेऊ देत नाही, कितीही आग्रह केला तरी.

गेल्या वर्षी एका मोठ्या पर्यटन कंपनीने विचारलं होतं, मेमध्ये दोन बोटी भरून द्याल का, नाव तुमचंच ठेवू. भाऊ म्हणाला, ताई, तू ठरव. मी हिशेब मांडून पाहिला. फायदा चांगला होता. पण दुसऱ्या बोटीच्या माणसांना तलावावर कोण नेणार, त्यांच्या पिशव्या कोण तपासणार आणि त्यांच्यासमोर नकाशा घेऊन अर्धा तास कोण बसणार, याचं उत्तर सापडलं नाही. आम्ही नाही कळवलं. येत्या मेची बोट पश्चिमेकडची आहे, इसाबेला आणि फर्नांदिना. पाच जागा अजून शिल्लक आहेत. पोहण्याचा सराव डिसेंबरच्या पहिल्या सोमवारपासून, सकाळी दहाला.