आमची वाटचाल : दोन सील आणि अडीच थाऊ

आमच्या वर्कशॉपच्या पाटीवर 'टू-स्ट्रोक इंजिनची कामं' एवढंच लिहिलंय. रंग, क्रोम, सीट कव्हर यांचं नाव त्यावर नाही, आणि ते मुद्दामच. मुख्य काम जावा-येझदीचं आणि यामाहाच्या आरएक्स 100 चं. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 ला बंद पडला, आरएक्स 100 सुद्धा त्याच वर्षी थांबली. म्हणजे आमच्या रॅम्पवर चढणारी सगळ्यात धाकटी गाडीही पाव शतकाहून जुनी असते.

असली गाडी आणणारा 'दुरुस्त करा' असं सहसा म्हणत नाही. 'हिच्याकडे जरा बघा' म्हणतो. टाकीवरचा पोचा काढायचा का, असं विचारलं तर निम्मे लोक नको म्हणतात. किकचं झिजलेलं रबर बदललं तर जुनं परत मागतात. म्हणून काढलेला प्रत्येक भाग, अगदी तुटकी रिंगसुद्धा, पिशवीत घालून गाडीबरोबर परत देतो. ही पद्धत पहिल्या दिवसापासून आहे. आवाजाच्या बाबतीत तर तडजोडच नाही. 250 सीसी जावाला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. त्यातल्या एकाच्या बॅफलमध्ये, म्हणजे आवाज दाबणाऱ्या आतल्या नळीत, काजळी जास्त साठली तरी मालकाला फायरिंगमधला फरक उभ्या उभ्या कळतो. त्याचं ऐकायचं. बॅफल काढून कॉस्टिक सोड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवायचं, सकाळी तारेचा ब्रश. मात्र हेड, पिस्टन, कार्ब्युरेटर यांना कॉस्टिक लावायचा नाही. ॲल्युमिनियम त्यात विरघळतं. हे लिहावं लागतंय, कारण खरवडल्यासारखी दिसणारी हेडं अजूनही येतात.

मायेनं गाडी जेवढी बिघडते तेवढी दुर्लक्षानं बिघडत नाही. सगळ्यात मोठा गुन्हा जास्त तेलाचा. प्रीमिक्सवर, म्हणजे तेल मिसळलेल्या पेट्रोलवर चालणाऱ्या जावाला आम्ही लिटरला 40 मिली चांगलं टू-टी ऑइल सांगतो. मालक लाडानं 60-70 मिली ओततो, इंजिनाला वंगण मिळावं म्हणून. पण कार्ब्युरेटरमधल्या जेटच्या भोकातून जाणारा द्रव ठरावीकच असतो. त्यात तेल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी जातं, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. वर प्लग काळा पडतो आणि एक्झॉस्ट पोर्टवर काजळीचा थर बसतो. म्हणजे तेल ओतून इंजिन जाम करण्याची सोय.

आता त्या एका पावसाळ्याबद्दल, कारण आमच्याबद्दल बाहेर जे बोललं जातं ते तिथलंच.

बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करून दिलेली इंजिनं एकापाठोपाठ एक जाम होऊन परत यायला लागली. काही पहिल्या 50 किलोमीटरच्या आत, काही चढावर चौथ्या गिअरमध्ये. गाडी थंड झाली की पुन्हा सुरू होई, मग पुन्हा धरे. आधी कार्ब्युरेटरवर संशय घेतला, मेन जेट एक नंबर मोठा टाकला. फरक नाही. ऑइल बदललं. फरक नाही. शेवटी सगळे पिस्टन काढून टेबलावर ओळीनं मांडले, तेव्हा दिसलं की ओरखडे चार कोपऱ्यांवर आहेत, म्हणजे गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) दोन्ही बाजूंना दोन-दोन उभे पट्टे.

पिस्टन कुठे घासला यावरून निदान होतं. फक्त एक्झॉस्टकडची बाजू घासली असेल तर मिश्रण पातळ किंवा टायमिंग पुढे, म्हणजे ठिणगी फार लवकर. इनटेककडची घासली असेल तर तेलाचं बघा. चार कोपरे घासले असतील तर सिलिंडरपेक्षा पिस्टन लवकर फुगला, म्हणजे जागा कमी पडली. गजन पिनचा भाग जाड असतो, तिथे धातू जास्त, म्हणून तो आधी धरतो.

जागा कमी का पडली? 65 मिमीच्या बोअरला आम्ही पिस्टन आणि सिलिंडरमध्ये अडीच थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण 0.06 मिमी क्लिअरन्स ठेवतो. लेथवाला खोक्यावरचा आकडा वाचून बोअर करत होता. खोक्यावर 'ओव्हरसाइज 0.50', म्हणून तो नेहमीच्या 65.50 च्या मापावर काढत होता. आधीच्या लॉटचे पिस्टन स्कर्टला, म्हणजे खालच्या घेराला, 65.44 भरायचे. नव्या लॉटचे 65.47 निघाले. मिलिमीटरच्या शंभरातल्या तीन भागांचा फरक, पण क्लिअरन्स सरळ निम्मा. पुरवठादारानं हात वर केले, 'खोक्यावर लिहिलंय ते बरोबरच आहे'. त्याच्या दृष्टीनं असेलही. सगळे सिलिंडर आमच्या खर्चानं पुन्हा होन केले, म्हणजे आतून दगडानं बारीक घासले, जिथे भिंतीला खोल ओरखडे होते तिथे पुढचा ओव्हरसाइज टाकला. वर्कशॉपचं भाडं थकलं, एक लेथ विकावा लागला.

तेव्हापासूनचा नियम असा: पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडर लेथवर चढत नाही. पिस्टन मायक्रोमीटरनं मोजायचा, गजन पिनच्या काटकोनात, स्कर्टच्या खालच्या कडेपासून 10 मिमी वर. ते माप सिलिंडरवर खडूनं लिहायचं. बोअर शेवटच्या मापाच्या अलीकडे थांबवायचा, सिलिंडर पूर्ण गार होऊ द्यायचा, मग होनिंग. गरम सिलिंडर मोजला की आकडा खोटा येतो. वर, मध्ये, खाली अशी तीन मापं, प्रत्येक दोन दिशांना. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फिलर गेजनं बघायची, 0.25 मिमीच्या आसपास हवी. आणि बोअरनंतर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, कडा गोल करायला विसरायचं नाही. टू-स्ट्रोकमध्ये रिंग प्रत्येक फेरीला त्या खिडक्यांवरून जाते. धारदार कड राहिली तर रिंग अडकते, तुटते आणि तुकडा हेडमध्ये नाचतो. बारीक दगडानं पाच मिनिटांचं काम आहे. लेथवाले ते करत नाहीत, कारण कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

त्या पावसाळ्यात रस्त्यापलीकडच्या दुकानानं काय केलं ते सांगायलाच हवं. गिऱ्हाइकाला चहा पाजून सांगायचे, 'त्यांच्याकडे टाकली की इंजिन जाम, आमच्याकडे बघा'. बघण्यासारखं होतंच. आरशासारखा क्रोम, डको पेंट, टाकीवर सोनेरी रेघा. इंजिन मात्र न खोलता, पोर्टमध्ये चिंध्या कोंबून, वरून सँडब्लास्ट केलेलं. कितीही कोंबलं तरी वाळू आत जाते. जावाच्या क्रँकला, म्हणजे पिस्टनखालच्या फिरत्या दांड्याला, तेल पोचतं ते पेट्रोलच्या धुक्यातून, बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या) फटींमधून. त्याच वाटेनं वाळूही पोचते. दोनएकशे किलोमीटरवर खालून टकटक सुरू होते. मालकाला सांगायचं, 'जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच'. फोटोत टकटक ऐकू येत नाही, त्यामुळे गर्दी तिकडेच होती.

आम्हाला त्यातून काढलं ते एका निवृत्त मास्तरांच्या वहीनं. त्यांची येझदी पहिल्यापासून आमच्याकडे. दर वेळी टाकी भरताना किलोमीटर, पेट्रोल, किती मिली तेल, प्लगचा रंग आणि गिअरबॉक्समधल्या तेलाची पातळी, असे पाच रकाने. त्यांचंही इंजिन जाम झालं होतं आणि आम्ही क्लिअरन्स सुधारून दिलं होतं. तरी महिन्याभरात ते वही घेऊन आले. गिअर ऑइल 600 किलोमीटरमध्ये दोनदा भरावं लागलं होतं आणि खाली जमिनीवर थेंबही नव्हता. गळत नाही आणि कमी होतंय, मग जातंय कुठे? सायलेन्सरमधून. क्रँकच्या दोन्ही टोकांना हवा-तेल अडवणारी रबरी कडी असते, ते सील. क्लचकडचं क्रँक सील गेलं की पिस्टन वर जाताना क्रँककेस (क्रँकभोवतीची पेटी) तिकडचं तेल ओढते, पांढरा दाट धूर निघतो. त्यांच्या त्या रकान्यानं आम्हाला दुसरी बाजूही आठवली. डायनॅमोकडचं सील गेलं तर तेल नाही, हवा ओढली जाते. धूर नाही, थेंब नाही, खूण कसलीच नाही. गाडी फक्त आधीपेक्षा 'हलकी' पळते, थ्रॉटल सोडल्यावर रेस लवकर उतरत नाही. मालक खूश होतो, पिकअप वाढलं म्हणतो. मग एक दिवस एक्झॉस्टच्या बाजूनं पिस्टन वितळतो.

चार कोपऱ्यांची भानगड क्लिअरन्सची होती, पण परत आलेल्यांपैकी काहींमध्ये हीही होती आणि ती आम्ही पाहिलीच नव्हती. मास्तरांपुढे कबूल केलं. ते म्हणाले, 'मोजायला काही आहे का तुमच्याकडे?' नव्हतं.

मग ते हत्यार बनलं. आज वर्कशॉपमध्ये डायल गेज आहे, व्ही-ब्लॉक आहेत, क्रँक सरळ करायचा तांब्याचा घण आहे, पण जीव आहे तो बीपी मोजायच्या जुन्या यंत्रावर. त्याच्या घड्याळावर 300 मिमी पाऱ्यापर्यंत आकडे असतात. 300 म्हणजे जवळजवळ 6 पीएसआय, आणि टू-स्ट्रोकच्या क्रँककेसला तपासायला एवढाच दाब लागतो. कॉम्प्रेसर लावू नका, सील उलटं होतं.

पद्धत सांगतो. कार्ब्युरेटर काढून इनटेकला 5 मिमी पत्र्याची पट्टी, मध्ये जुन्या ट्यूबच्या रबराचं पॅकिंग. एक्झॉस्टला तसंच. जावाला दोन एक्झॉस्ट पोर्ट आहेत, दोन्ही बंद करायचे. आरएक्सला ऑइल पंपाची नळी काढून तिचं तोंडही बुजवायचं, नाहीतर तासभर सील शोधत बसाल. पिस्टन तळाला आणायचा, म्हणजे क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये जाणाऱ्या वाटा, ट्रान्स्फर पोर्ट, उघडे राहून वरचं आणि खालचं पोट एक होतं. जुन्या प्लगची चिनी माती फोडून त्यात नळी ब्रेझ केलेली आहे, ती प्लगच्या जागी. फुगा दाबत 300 वर न्यायचा आणि घड्याळ बघायचं. मिनिटाला 50 पेक्षा जास्त उतरलं तर गळती आहे. हेड, बेस पॅकिंग, क्रँककेसचा जोड आणि डायनॅमो काढून तिकडचं सील, यांवर साबणाचं पाणी ब्रशनं लावायचं. बुडबुडा चोर दाखवतो. कुठेच बुडबुडा नाही आणि काटा तरी उतरतोय, तर गिअरबॉक्सच्या फिलरला कान किंवा साबणाचा फेस लावा, हवा क्लचकडून जातेय. काही सील दाब धरतात पण ओढ धरत नाहीत, म्हणून ब्रेक ब्लीडिंगच्या हातपंपानं हवा ओढून उलटी परीक्षाही घेतो.

नवं सील बसवताना क्रँकच्या चावीच्या खाचेवर प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळायचा, ओठाला ग्रीस लावायचं, स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे. खाचेनं ओठ कापला जातो आणि नवं सील पहिल्याच दिवशी जुनं होतं. इथेनॉलमिश्रित पेट्रोल आल्यापासून आम्ही साध्या नायट्राइल रबराऐवजी इथेनॉल सोसणाऱ्या व्हायटन रबराची सील वापरतो. महाग पडतात. गिऱ्हाइकाला ती कधीच दिसत नाहीत, त्यामुळे बिलावरच्या त्या ओळीवरून वाद होतो. व्हायचाच.

त्यानंतरची वर्षं सुरळीत गेली. लेथ परत घेतला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

थोडं न विचारता सांगतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करून कार्ब्युरेटरचा बाऊल रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि कॉक तिथूनच ओढतो. त्या थरात तेल जवळजवळ नसतं. म्हणजे उभ्या गाडीची पहिली किक बिनतेलाची. नव्या बोअरवर पहिल्या दिवशी तीन वेळा गरम करून पूर्ण गार होऊ द्या, मग 800 किलोमीटरपर्यंत एका वेगाला थ्रॉटल धरून बसू नका, खालीवर करत राहा. घाट उतरताना थ्रॉटल बंद ठेवून गिअरवर गाडी रोखायची सवय फोर-स्ट्रोकवाल्यांची. प्रीमिक्समध्ये पेट्रोल नाही म्हणजे तेल नाही, आणि आरपीएम मात्र वर. अधूनमधून क्लच दाबून दोनदा रेस द्या. आणि स्टँडवर लावून दहा मिनिटं गरम करत बसू नका. ती माया शेजाऱ्यांनाही नको असते.

ठिणगीच्या पॉइंटची फट 0.4 मिमी, आणि जावाचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, डायल गेजनं, पिस्टनच्या वरच्या टोकाच्या 3 ते 3.5 मिमी आधी. कानानं टायमिंग लावणारे मिस्त्री आम्ही पाहिलेत, त्यातले दोघे खरोखर बरोबर लावायचे.

मास्तरांची येझदी आता त्यांच्या नातीकडे आहे. वही तिनं पुढे चालवली, सहावा रकाना वाढवलाय, टायरमधली हवा. जे मालक अशी वही आणतात त्यांना तपासणीचे पैसे लावत नाही. बोर्डावर लिहिलेलं नाही, विचारलं तर नाही म्हणतो.

रस्त्यापलीकडचं दुकान अजून चालतं, आमच्यापेक्षा जोरात. गेल्या दोन-तीन वर्षांपासून संध्याकाळी शटर अर्धं ओढल्यावर रिक्षातून पोत्यात गुंडाळलेली इंजिनं येतात, फक्त दाबाच्या तपासणीला. तपासणीच्या कार्डावर मालकाच्या नावाची जागा कोरी असते. आम्ही बाकीचे रकाने भरतो: सुरुवात 300, एका मिनिटानंतर 210, गळती डायनॅमोकडून. मागच्या आठवड्यातलं एक इंजिन खोलायलाही सांगितलं होतं. क्रँककेसच्या तळाशी चिमूटभर वाळू निघाली. कागदाच्या पुडीत बांधून ती कार्डाला स्टेपल केली आणि पोत्याबरोबर परत पाठवली.