पंक्चर काढून मिळणार नाही

इथे ब्रिटनमध्ये पंक्चर काढून द्यायला चक्क नकार मिळतो. दुकानातला मुलगा चाकाशी वाकतो, खिळा टायरच्या कडेपासून किती आत आहे ते बघतो, चेहरा पाडतो आणि नव्या टायरचे भाव दाखवायला स्क्रीन माझ्याकडे वळवतो. टायर धडधाकट, नक्षी अजून खोल, खिळा एवढासा, आणि म्हणे बदला! आपल्याकडे हायवेच्या कडेला एका कम्प्रेसरवर संसार चालवणाऱ्या माणसाने गाडीतून उतरूही न देता मला मार्गाला लावलं असतं.

यासाठी इथे बीएस एयू 159 नावाचं मानक आहे. त्याप्रमाणे कारच्या टायरचं पंक्चर रुंदीच्या मधल्या साधारण तीन-चतुर्थांश भागातच काढायचं. भोक 6 मिलिमीटरपेक्षा मोठं चालत नाही. शिवाय टायर रिमवरून उतरवून आतून तपासायचा, आतली बाजू घासून छत्रीसारखा रबरी तुकडा आतून बसवायचा, ज्याचा दांडा भोकात आणि छत्री आतल्या अंगाला चिकटते. बाहेरून टोच्याने पट्टी कोंबणं म्हणजे त्यांच्या लेखी दुरुस्तीच नव्हे, फार तर घरापर्यंत पोचायची सोय. मानक म्हणजे कायदा नाही, पण दुकानं त्याला कायद्यासारखंच धरून चालतात.

यामागची कारणं मी चिडून शोधली आणि दुर्दैवाने ती पटली. टायर फिरताना कडेचा भाग प्रत्येक फेरीला दबतो आणि सुटतो, तिथे कुठलाच तुकडा धरून राहत नाही. मधल्या भागात रबराखाली पोलादी तारांचे थर असतात. बाहेरून कोंबलेल्या पट्टीच्या आजूबाजूने पाणी झिरपलं तर त्या तारा गंजायला लागतात. आणि हवा गेलेल्या टायरवर थोडं अंतर जरी गाडी पळवली असेल तर कड आतून घासून काळी भुकटी झालेली असते, बाहेरून मात्र टायर निष्पाप दिसतो. पट्टीवाल्याला ती भुकटी कधीच दिसत नाही, कारण तो टायर उघडतच नाही.

पटलं, पण राग काही गेला नाही. ‘आपल्याकडे लाखो गाड्या पट्ट्यांवर पळतात, काही होत नाही,’ असं मी घरी ठणकावून सांगितलं. त्यावर नवऱ्याने विचारलं, ‘काही होत नाही याचा हिशेब कुणी ठेवलाय?’ मी विषय बदलला. त्या वेळी नवा टायर मुकाट्याने घेतला, कारण खिळा खरंच कडेला होता.

पुढचा स्क्रू मात्र बरोब्बर मध्यभागी घुसला, मागच्या डाव्या चाकात. रस्त्याला घासून त्याचं डोकं चांदीच्या टिकलीसारखं चकाकत होतं. दुकानाची वेळ दोन दिवसांनंतरची. आता तुम्ही म्हणाल, स्टेपनी लाव की! डिकीचा तळ उचलला तर स्टेपनीच्या जागी एक बाटली आणि खेळण्याएवढा कम्प्रेसर. इथे स्टेपनी सक्तीची नाही, त्यामुळे कंपन्यांनी वजन आणि खर्च वाचवून घेतला. आपल्याकडेही 2020 मध्ये ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असलेल्या गाड्यांना तशी सूट मिळाली आहे, तेव्हा फार हसू नका. बाटलीतला चिकट द्रव टायरमध्ये सोडायचा आणि ताशी 50 मैलांच्या आत गाडी हाकत दुकान गाठायचं. तिथे ते आत पसरलेला चिकटा बघतात आणि बरेचदा म्हणतात, आता हा दुरुस्त होणार नाही, नवा घ्या. म्हणजे गाडीसोबत आलेलं औषध घेतलं की रोगी हमखास जातो! आणि त्या बाटलीवर मुदतीची तारीख असते, ती आजच बघा.

म्हणून मी पट्टीचं किट आधीच मागवून ठेवलं होतं. सपाट जागा, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, समोरच्या कोपऱ्यातल्या चाकापुढे-मागे विटा. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, नाहीतर चाक हवेत गोल फिरत बसतं. चार नट सुटले, पाचवा ढिम्म. तो चोरांसाठीचा कुलूपवाला नट. त्याची किल्ली, म्हणजे खास खाचांचा लोखंडी सॉकेट, डॅशबोर्डच्या कप्प्यात फडक्यात गुंडाळून ठेवलेला असतो. इथल्या कितीतरी लोकांना ही किल्ली कुठे आहे ते रस्त्यात अडकल्यावरच कळतं, त्यामुळे ती आधी शोधून ठेवा.

मी जमिनीवर गुडघे टेकले तेव्हा शेजारचे आजोबा बाहेर आले. इथले लोक दुसऱ्याच्या कामात नाक खुपसत नाहीत, ही माझी नेहमीची तक्रार. आजोबा काही बोलले नाहीत, गुडघ्याखाली घालायला गालिच्याचा तुकडा दिला आणि परत आत गेले. बघायला गर्दी नाही, सल्ले नाहीत. खरं सांगायचं तर दोन-चार सल्ले मला चालले असते.

स्क्रू ज्या कोनात घुसलाय तो नीट बघून ठेवायचा आणि मगच पकडीने उपटायचा. फुस्स झाल्यावर घाबरायचं नाही. कानशीच्या टोच्याला सोल्युशन लावून त्याच कोनात आत-बाहेर घासायचं. इथे जोर लागतो, तारा खरखरतात आणि आपण टायरचं वाटोळं करतोय असं वाटतं. मग तपकिरी चिकट पट्टी सुईच्या डोळ्यात ओवून दामटायची, टोकं बोटभर बाहेर ठेवायची आणि सुई झटक्यात ओढून घ्यायची. सुई निघते, पट्टी राहते. टोकं नक्षीच्या जराशी वर कापायची, हवा भरायची आणि साबणाचं पाणी ओतायचं. आधी जिथे फसफसून फुगे येत होते तिथे फेस जागच्या जागी बसून राहिला. हे बघायला आजोबा पुन्हा हजर होते, यावेळी टॉर्क पाना घेऊन, म्हणजे नट ठरवलेल्या जोरापर्यंत आवळला की ‘कट्’ वाजणारा पाना. मी नट समोरासमोरच्या क्रमाने आवळले, त्यांनी पुस्तिकेतल्या आकड्यावर पाना लावून प्रत्येकाची ‘कट्’ ऐकवली.

टायरच्या बाबतीत हा देश गंमत करत नाही हेही सांगते. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली तर एका टायरमागे 2,500 पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर दंडाचे 3 गुण. चारही टायर गुळगुळीत असतील तर 12 गुण, आणि तेवढ्या गुणांवर लायसन्स जातं. आपल्याकडे कुणी गुळगुळीत टायरवर बोट फिरवून बघितलेलं मला आठवत नाही. तो भाग इथला चांगला आहे, मान्य.

आता पट्टीच्या जागी ते छत्रीवालं काम करून घ्यायला हवं, हे मला ठाऊक आहे. पण दुकानात गेलं तर तो मुलगा कानशीने रुंद झालेलं भोक मोजणार आणि पुन्हा स्क्रीन फिरवणार. त्यामुळे सध्या तरी मी त्याला ते चाक दाखवत नाहीये. गाडी गावातल्या गावात ताशी 30 मैलांच्या रस्त्यांवर चालते, दर शनिवारी हवा बघते, काटा 33 वरून हललेला नाही. मोटरवेवर जायचं असेल तेव्हा नवऱ्याची गाडी नेते. ती नवी कोरी आहे, आणि तिच्यातही नुसती बाटलीच आहे.