बाबांनी मासा घेतला नाही

एवढंच झालं. रात्री अकरा वाजता कॅरव्हॅनच्या घडीच्या टेबलाशी बसून लिहावं असं त्यात काही नाही, हे मलाही कळतंय. समीर झोपलाय. मुलं बंकवर झोपलीत, म्हणजे निदान गप्प तरी आहेत. बाबा बाहेर ऑनिंगखाली, म्हणजे कॅरव्हॅनच्या बाजूला दांड्यांवर ताणलेल्या कापडी छपराखाली, खुर्ची टाकून बसलेत, कारण आत त्यांना गुदमरतं म्हणे. इथे ऑस्ट्रेलियात, मंकी मायाच्या किनाऱ्यावर, जुलै म्हणजे ऐन हिवाळा. ब्लँकेट नेऊन दिलं, तर तेही नको.

सकाळी पावणेआठला नेहमीप्रमाणे सगळी गर्दी काठावर ओळीत उभी होती. रेंजर बाई पाण्यात. डॉल्फिन आले होते, तीन माद्या आणि लांबवर एक पिल्लू. बाईंचं रोजचं बोलून झालं, बादल्या आल्या. मग त्या ओळीतून चारदोन माणसं निवडतात, मासा भरवायला. आज त्यांनी थेट बाबांकडे बोट केलं. एवढ्या गर्दीतून! मी फोन वर धरला, समीरने ईशानला खांद्यावर घेतलं, ओवी तर उड्याच मारायला लागली. आणि बाबांनी हात जोडल्यासारखं केलं, मान हलवली, आणि पलीकडे उभ्या असलेल्या गुलाबी टोपीवाल्या एका परक्या मुलीकडे बोट दाखवलं. तिला द्या. ती गेली. मासा शेपटीकडून धरून पाण्यात सोडला, डॉल्फिनने तो अलगद घेतला, लोक कौतुकाने हसले. बाबांनी हात पाठीमागे बांधले आणि बघत राहिले.

माझ्या फोनमध्ये त्या परक्या मुलीचा सुंदर व्हिडिओ आहे.

ओवी रडली. तिचं बरोबरच होतं. नकोच होता तर शेजारी नात उभी होती, चांगली कोपराला चिकटून. तिने विचारलंही, आजोबा, मला का नाही दिलं? बाबा म्हणाले, "आपलीच पोरं पुढे करायची नसतात."

हे वाक्य मी ऐकलेलं आहे. ओवीच्या वयाची असताना, आणि मग पुढेही बऱ्याचदा. शाळेचं ते गॅदरिंग... जाऊ दे. तो विषय आज नको.

पण मासा का नाही घेतला?

मला वाईट वाटायचं कारण सरळ आहे. हा सगळा घाट त्यांच्यासाठी घातला होता. पर्थपासून साडेआठशे किलोमीटर, मागे कॅरव्हॅन ओढत. शाळेच्या सुट्टीत मंकी मायाला कॅरव्हॅनची जागा मिळवायला किती महिने आधी बुकिंग करावं लागतं ते मलाच माहीत. वाटेत रोड ट्रेन, म्हणजे दोन-तीन ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक, समोरून गेली की कॅरव्हॅन अशी हलायची की माझा जीव गोळा व्हायचा. संध्याकाळ झाली की कांगारू रस्त्यात येतात म्हणून उजेडात मुक्काम गाठायचा. ओव्हरलँडर नावाच्या पेट्रोल पंपाच्या थांब्याशी हायवे सोडला, तर पुढे अजून दीडशे किलोमीटर नुसती झुडपं. आणि कॅरव्हॅन मागे घेताना समीर आणि मी एकमेकांना जे बोललो ते बाबांसमोर बोलायला नको होतं. हे सगळं कशासाठी? तर फोनवर एकदा ते म्हणाले होते, डॉल्फिन म्हणे तिकडे माणसाजवळ येतात. आई असताना म्हणाले होते. तेव्हा दोघंही येणार होते.

असो.

तर माझं म्हणणं एवढंच, की साठ वर्षांत न मागता समोर आलेली एक गोष्ट या माणसाने घेतली असती तर काय बिघडलं असतं? विमानतळावर पाकीट दिलं तर नको. स्वेटर घेतला तर आहे माझ्याकडे. खिडकीजवळची सीट दिली तर पोरांना बसू दे. मी दिलेलं नको हे एक वेळ मी समजू शकते, तो आमचा जुना हिशेब आहे. पण ती रेंजर बाई तर परकी होती. मासा सरकारी होता. आणि डॉल्फिनला थोडंच माहीत होतं की हे माझे वडील आहेत!

खरं तर पहिल्या सकाळीच मला शंका यायला हवी होती. बाई माहिती सांगत होत्या आणि मी बाबांना मराठीत करून सांगत होते. पाठीवरच्या पराच्या कडेला असलेल्या खाचांवरून प्रत्येक डॉल्फिन ओळखता येतो, त्यांना नावं आहेत, कोण कुणाची मुलगी हे सगळं नोंदवलेलं आहे, 1980 च्या दशकापासून इथे संशोधक येऊन राहतात. काही माद्या समुद्रतळाशी भक्ष्य उकरताना तोंडावर स्पंज धरतात, नाक खरचटू नये म्हणून, आणि ही युक्ती मुली आईकडून शिकतात. बाबा मान डोलवत होते. मग बाईंनी सांगितलं की इथे डॉल्फिनला जे मासे देतात ते तिच्या दिवसाच्या गरजेच्या दहाव्या भागाइतकेसुद्धा नसतात. बाबांनी मला थांबवलं. "विचार तिला, मग त्या येतात कशाला?"

मला विचारायला लाज वाटली, पण विचारलं. बाई हसल्या. म्हणाल्या, 1960 च्या दशकात इथले कोळी लोक बोटीतून मासे टाकायचे, तेव्हापासून सवय. यांच्या आया यायच्या म्हणून या येतात. पुढे लोक लोटायला लागले, कुणीही काहीही भरवायचं, हात लावायचं. माद्या तासन्‌तास उथळ पाण्यात थांबायच्या आणि त्यांची पिल्लं तिकडे एकटी. त्यांना दूध मिळेना, शिकार शिकवायला कोणी नाही, आणि या उपसागराचं नावच शार्क बे. पिल्लं दगावायला लागली. म्हणून 1990 च्या दशकात नियम कडक केले. ठरावीकच मोठ्या माद्यांना द्यायचं, पिल्लांना अजिबात नाही, मोजून द्यायचं, दुपारच्या आत आटपायचं, आणि कुणी हात लावायचा नाही. शेवटी सगळ्या बादल्या एकदमच रिकाम्या करतात, म्हणजे डॉल्फिनना कळतं की संपलं, आता जा.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. डॉल्फिन कुशीवर होऊन एका डोळ्याने आमच्याकडे बघत होती, मुलं किंचाळत होती, आणि बाबांना आवडलं काय, तर शिस्त.

त्यानंतर ते रोज यायचे, पण नजर त्या लांबच्या पिल्लावर. आई मासा खात असते तेव्हा ते तिकडे एकटंच गोल गोल फिरत असतं, तीन-चार वर्षं अंगावर पितं म्हणे. बाबा मला म्हणाले, "आटपा म्हणावं लवकर, ते थांबलंय तिकडे." आज मासा नाकारला तेव्हाही ते तिकडेच बघत होते का? व्हिडिओत शोधलं. व्हिडिओत ती मुलगीच आहे. बाबांचा अर्धा दंड आहे एका कडेला.

पुन्हा तेच. मी याचा अर्थ लावत बसलेय, आणि मला अर्थ नकोच आहे. त्यांनी मासा घ्यायला हवा होता.

दुपारी मी जरा फुगूनच होते. समीर म्हणाला, डेनमला जाऊन येऊ, पंचवीस किलोमीटर तर आहे. गेलो. तिथे शिंपल्यांच्या विटांचं एक जुनं चर्च आहे. इथून थोडं खाली शेल बीच म्हणून किनारा आहे, तिथे वाळूच नाही, फक्त नखाएवढे पांढरे शिंपले, मैलोन्‌मैल, कित्येक मीटर खोल. तिथलं पाणी इतकं खारट की या शिंपल्यातल्या जिवाला खाणारे फारसे टिकत नाहीत, म्हणून त्यांचंच राज्य. खालचे थर पावसापाण्याने आपोआप घट्ट होतात आणि मग ते करवतीने कापून विटा काढायचे. भट्टी नाही, काही नाही. बाबांनी त्या भिंतीला हात लावला. मग दुसरा हात लावला. कोपऱ्यावर गेले, एक डोळा मिटून भिंत सरळ आहे का बघितलं, सांध्यातून नख फिरवलं. मुलं कंटाळून गाडीत जाऊन बसली तरी हे तिथेच. "बघ गं, काय काम आहे!" एवढी तीन-चार वाक्यं सलग ते या आख्ख्या प्रवासात बोलले नव्हते. चर्चच्या भिंतीसमोर मी त्यांचा फोटो काढला. चक्क हसलेत.

म्हणजे डॉल्फिनचा हा समुद्र ज्याच्यासाठी जागतिक वारशात गेला, ते सगळं ठीक आहे. पण भिंत ती भिंत.

तसं बघितलं तर त्यांना या सहलीत मजा आलेलीच नाही असं मला म्हणता येणार नाही. फक्त मी ठरवलेल्या जागी आली नाही. पहिल्या दिवशी आम्ही कॅरव्हॅन लावली तेव्हा समीरने फोनमधलं अॅप काढून लेव्हल बघितली आणि म्हणाला, झालं. बाबा आत गेले, ओट्यावर वाटीत पाणी ठेवलं, बाहेर आले आणि म्हणाले, डावं चाक बोटभर वर घ्या. घेतलं. तेव्हापासून सगळा कारभार त्यांच्याकडे. जॉकी व्हील म्हणजे पुढचं टेकूचं चाक, चारी कोपऱ्यांचे पाय, पाण्याचा पाइप, सांडपाण्याची बादली, गॅसचा वास येतो का. एमू फिरतात सगळीकडे, दार उघडं दिसलं की मान आत घालतात, तर त्यांना हाकलायचं खातंही बाबांनीच घेतलंय. घरी तसं त्यांना करण्यासारखं काहीच नसतं. आमचं घर सगळं बटणांवर. ते बसून असतात, मी चहा आणून देते, ते नको म्हणतात आणि मग पितात.

शेजारच्या कॅरव्हॅनमध्ये एक म्हातारं जोडपं आहे, घर विकून वर्षानुवर्षं असेच देशभर फिरणाऱ्यांपैकी. काल वाऱ्याने त्यांच्या ऑनिंगचा दांडा वाकला. बाबा गेले. त्या आजोबांना मराठी येत नाही, बाबांना त्यांचं इंग्रजी कळत नाही, माझंही अर्धं कळत नाही त्यांना. दोघं दोन तास त्या दांड्याशी झटत होते. मला हाक नाही, समीरला हाक नाही. शेवटी दांडा सरळ झाला, आणि दोघांनी त्याच्याकडे बघत उभ्याने बिअर घेतली. बाबांनी! मी खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढला.

आणि आता मुख्य गोष्ट. आज संध्याकाळी ते आजोबा बोटीवरून आले आणि बाबांच्या हातात मासे ठेवले. ताजे व्हायटिंग, चांगले ओंजळभर. बाबांनी घेतले. नको नाही, कशाला नाही, त्या गुलाबी टोपीवालीला द्या नाही. दोन्ही हात पुढे करून घेतले, थॅंक्यू म्हणाले, आणि नळाशी बसून साफसुद्धा करून आणले.

मी विचारलं. न राहवून विचारलंच. "सकाळी नको होता ना मासा?"

"अगं, याचं काम केलंय मी," म्हणाले. जणू यात न कळण्यासारखं काय आहे!

यावर काय बोलणार? बोलले नाही. मासे तळले. उत्तम होते. ओवीने आजोबांच्या ताटातला एक उचलला, त्यांनी अजून एक सरकवला, आणि सकाळचं त्या दोघांपुरतं मिटलं. माझं मिटलं का ते माहीत नाही. म्हणजे उद्यापासून मी वाकडे दांडे शोधत फिरायचं का? नळ गळका ठेवायचा? पुढच्या वेळी पाकीट देताना पावती मागायची? समीर म्हणतो, तू पण कमाल करतेस, माणसाला मासा नको होता, सोड. त्याचे बाबा सगळं घेतात. त्याला नाही कळायचं.

मघाशी दादाचा फोन आला होता. बाबा बाहेर त्याच्याशी बोलत होते, मी आत भांडी घासत ऐकत होते. वाटीतलं पाणी, डावं चाक, जॉकी व्हील म्हणजे काय, सांडपाणी ओतायची सोय कशी केलीय, शिंपल्यांच्या विटा, दांडा कुठे वाकला होता आणि कसा सरळ केला, हे सगळं तपशिलात. पंधरा मिनिटं तरी. मग दादाने बहुतेक डॉल्फिनचं विचारलं असावं. बाबा म्हणाले, "हो, येतात की रोज." मग जरा थांबून, "एक पिल्लू आहे." त्यापुढे आवाज खाली आला, मला ऐकू आलं नाही. नळ बंद केला तोवर ते पुन्हा दांड्यावर आले होते.

उद्या दहापर्यंत जागा रिकामी करायची आहे. बाबांनी आवराआवरीची यादी केली आहे, ओवीच्या वहीच्या पानावर, क्रमाने, मला आणि समीरला वाटून दिलेल्या कामांसह. सहाला उठायचं, म्हणजे पावणेआठला किनाऱ्यावर जायला मोकळे. ओवीला मी सांगून ठेवलंय, उद्या आजोबांच्या शेजारी उभी राहू नकोस. त्या गुलाबी टोपीवालीच्या शेजारी राहा.