दिवसा नोकरी, रात्री पुस्तक

जेफ्री चॉसर लंडनच्या बंदरात कस्टममध्ये नोकरीला होता. 1374 साली त्याची नेमणूक झाली, लोकर आणि कातड्यांवरच्या जकातीचा हिशोब ठेवायचा, तोही स्वतःच्या हाताने लिहून, अशी अट, आणि हे काम त्याने बारा वर्षं केलं. इंग्रजी कवितेचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो माणूस दिवसभर लोकरीच्या गठ्ठ्यांच्या नोंदी करायचा, हे मला आपल्या या सुवर्णमहोत्सवी रात्रशाळेत नववीच्या वर्गात कळलं, इंग्रजीच्या सरांकडून. चॉसरच्याच एका कवितेत एक गरुड त्याला उचलून आकाशात नेतो आणि जाता जाता त्याला म्हणतो, की तुझं काम संपलं, हिशोब झाले, की तू आराम करत नाहीस, घरी येतोस आणि दगडासारखा गप्प होऊन दुसऱ्या पुस्तकासमोर बसतोस. सरांनी हे सांगितलं आणि पुढे काही न बोलता सगळ्या वर्गावरून नजर फिरवली.

वर्गात कोण होतं, तर कुणी झेरॉक्सच्या दुकानातून आलेलं, कुणी गाळ्यात लेथवर उभं राहून, कुणी फोर्टातल्या ऑफिसांना चहा पोचवून, दोघी मुली चार घरची धुणीभांडी उरकून. मी स्वतः एका क्लिअरिंग एजंटकडे ऑफिसबॉय होतो, बॅलार्ड इस्टेट ते कस्टम हाऊस कागदपत्रांच्या खेपा मारायचो. 1982 च्या संपानंतरचे दिवस, गिरणगावात घराघरात वडील बसून, त्यामुळे आमच्यासारखी पोरं कामाला लागलेली आणि साडेसहाला रात्रशाळेत. बाकं दिवसाच्या शाळेची, फळ्यावर त्यांचाच सुविचार. अशा वर्गाला सहाशे वर्षांपूर्वीचा कस्टमवाला भेटला तर काय होईल? निदान माझं तरी असं झालं की इंग्रजी हा विषय नापास होण्यासाठी असतो हे डोक्यातून पार गेलं.

सरांची पद्धतच ती होती. पाठ्यपुस्तकात कवितेच्या वर चौकटीत कवी परिचय असायचा, जन्म कधी, मृत्यू कधी, पुस्तकं कोणती, आणि आम्ही तो गाइडमधून पाठ करायचो. सर म्हणायचे ते ठीक आहे, पण हा माणूस पोटापाण्याला काय करायचा ते आधी विचारा. पोर्शन वेळेत संपवायचे आणि शेवटची दहा-पंधरा मिनिटं यासाठी ठेवायचे, घंटा झाली तरी कुणी उठायचं नाही.

रोमँटिक कवी म्हणजे फुलं, चंद्र, प्रेम असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. सरांनी सुरुवात 1798 पासून केली, वर्ड्‌स्वर्थ आणि कोलरिज या दोघांनी मिळून एक छोटं पुस्तक काढलं, आणि 1800 च्या आवृत्तीला वर्ड्‌स्वर्थने प्रस्तावना जोडली की कविता साध्या माणसांबद्दल आणि माणसं खरोखर बोलतात त्या भाषेत लिहायला हवी. मेंढपाळ, भिकारी, तळ्यातून जळवा गोळा करून विकणारा म्हातारा हे सगळे त्याच्या कवितेत आले. पण खरा जीव सरांचा कीट्सवर. बायरन लॉर्ड, शेली बड्या जमीनदार घराण्यातला, आणि कीट्सचे वडील भाड्याच्या घोड्यांचा तबेला सांभाळायचे. लहानपणीच आईवडील गेले. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये तो ड्रेसर होता, म्हणजे सर्जनच्या हाताखाली जखमा बांधायच्या, ऑपरेशनच्या वेळी हजर राहायचं, आणि तेव्हा भूल द्यायची सोय नव्हती. 1816 मध्ये परीक्षा पास होऊन औषधं द्यायचं लायसन्ससुद्धा मिळालं, तरी तो कवितेकडे गेला. 1818 साली एका मासिकात त्याच्या पुस्तकावर टीका आली, की उपाशी कवी होण्यापेक्षा उपाशी औषधवाला झालेलं बरं, जा परत तुझ्या मलमपट्ट्यांकडे आणि गोळ्यांकडे. टीका कवितेवर नव्हतीच, तो कुठून आला यावर होती. त्याच वर्षाच्या शेवटी टीबीने गेलेल्या धाकट्या भावाची शुश्रूषा त्याने स्वतः केली, आणि पुढच्या एका वर्षात, 1819 मध्ये, ज्या कविता लिहिल्या त्या आज जगभर शिकवतात. 1821 च्या फेब्रुवारीत रोममध्ये गेला, टीबीनेच, वय 25. आमच्या वर्गात त्या वेळी शिवडीच्या टीबी हॉस्पिटलच्या चकरा मारणारी घरं होती, त्यामुळे हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

डिकन्सवर मात्र सरांनी बरेच दिवस घालवले. 1824 साल, डिकन्स बारा वर्षांचा, वडील कर्जापायी मार्शल्सी तुरुंगात आणि आई, लहान भावंडंसुद्धा वडिलांबरोबर तिथेच राहायला. हा एकटा बाहेर, बूटपॉलिशच्या कारखान्यात, आठवड्याला सहा शिलिंग. काम काय, तर पॉलिशच्या डब्यांवर आधी तेलकट कागद लावायचा, मग निळा कागद, दोऱ्याने बांधायचं, कडा नीट कापायच्या आणि वर लेबल चिकटवायचं. लेबल चिकटवणारी पोरं आमच्याच वर्गात होती, अगरबत्तीच्या पुड्यांना, त्यातला एक जण मध्येच म्हणाला, सर, पीसवर मिळायचे का पगारावर? सरांनी त्याला शाबासकी दिली आणि सांगितलं पगारावर. पुढे डिकन्स इंग्लंडमधला सगळ्यात लोकप्रिय लेखक झाला तरी ही गोष्ट त्याने जगाला कळू दिली नाही, एका जिवलग मित्राला लिहून दिली, आणि तो गेल्यानंतर त्या मित्राने चरित्रात छापली तेव्हा लोकांना कळलं. पण कादंबऱ्यांमध्ये ती आधीपासून होतीच. कामाला लावलेली मुलं, कर्जाचे तुरुंग, वर्कहाऊस म्हणजे गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवायच्या जागा, त्या शतकातल्या इंग्लंडच्या कारखान्यांचा धूर त्याच्या पानापानात आहे तो ऐकीव नाही. मला आजही वाटतं की व्हिक्टोरियन, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, कादंबरी शिकवायची तर त्या कारखान्यापासून सुरू करावी, तारखांच्या तक्त्यापासून नाही.

मग अमेरिका. सर अमेरिकेकडे वळले ते फ्रेडरिक डग्लसपासून, आणि माझ्या शाळेतल्या आठवणींमध्ये सगळ्यात ठळक तीच संध्याकाळ आहे. डग्लस मेरिलँडमध्ये गुलाम म्हणून जन्माला आला. लहान असताना त्याला बाल्टिमोरला एका घरी पाठवलं, तिथल्या मालकिणीने त्याला एबीसी शिकवायला सुरुवात केली, आणि मालकाने तिला थांबवलं, शिकला तर हा गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही असं तो त्याच्यासमोरच बोलला. डग्लस लिहितो की त्या क्षणी त्याला सुटकेचा रस्ता कळला. मग तो काय करायचा, निरोपाला किंवा सामान आणायला बाहेर पडताना खिशात ब्रेड घेऊन जायचा. त्या घरात ब्रेडला तोटा नव्हता आणि रस्त्यावरची गरीब गोरी मुलं मात्र उपाशी, त्यांना ब्रेड द्यायचा आणि बदल्यात धडा घ्यायचा. ती कुठल्या रस्त्यावर राहायची ते त्याने पुस्तकात सांगितलंय पण त्यांची नावं मुद्दाम लिहिली नाहीत, कारण गुलामाला शिकवणं हा गुन्हा मानला जायचा आणि त्या मुलांना त्रास झाला असता. अक्षरं लिहायला तो शिकला जहाजाच्या गोदीत. सुतार लाकडाच्या ओंडक्यावर अक्षर मारून ठेवायचे, जहाजाच्या डाव्या बाजूसाठी एल, उजव्यासाठी एस, पुढच्यासाठी एफ, मागच्यासाठी ए, ही चार अक्षरं आधी शिकला, मग लिहिता येणारा मुलगा दिसला की त्याला म्हणायचा मला तुझ्याइतकंच लिहिता येतं, आणि पैज लावून त्याच्याकडून बाकीची काढून घ्यायचा. वही नाही, पेन नाही, कुंपण, भिंत, फरसबंदी आणि खडूचा तुकडा. 1838 मध्ये तो निसटला, 1845 मध्ये आत्मचरित्र छापलं, आणि त्या पुस्तकामुळेच परत पकडलं जायची भीती म्हणून त्याला इंग्लंड-आयर्लंडला जावं लागलं, तिथल्या लोकांनी पैसे जमवून त्याचं स्वातंत्र्य विकत घेतलं.

हे सांगून झाल्यावर सरांनी आम्हाला महात्मा फुल्यांचं सांगितलं. 1873 च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या, गुलामांची मुक्तता करणाऱ्या सदाचारी लोकांना आहे. आणि जोतीराव-सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली ती 1855 मध्ये. म्हणजे आपण ज्या परंपरेत बाकावर बसलो होतो ती इथलीच, आणि तिचा धागा थेट तिकडच्या लढ्यापर्यंत जाऊन भिडलेला. मला वाटतं इंग्रजी आपली वाटायला लागली ती त्या दिवसापासून.

1855 हेच अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनच्या ‘लीव्हज ऑफ ग्रास’ या पुस्तकाचंही साल. तो लहानपणापासून छापखान्यात शिकलेला, त्या पहिल्या आवृत्तीची काही पानं त्याने स्वतः हाताने जुळवली. मुखपृष्ठावर नाव नाही, आत एक चित्र, कॉलर उघडी, हात कमरेवर, कामगार उभा राहावा तसा. बारा कविता, यमक नाही, मात्रा नाहीत, सुतार, नावाडी, शिवणकाम करणाऱ्या बायका सगळे त्यात. पुढे सरकारी नोकरीत असताना एका मंत्र्याने याच पुस्तकापायी त्याला कामावरून काढलं. व्हिटमन झाल्यावर सरांनी लगेच नारायण सुर्व्यांची कविता वाचली, स्वतः गिरणीत राबलेले, शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झालेले सुर्वे, आमच्यातल्या काहींच्या वडिलांनी त्यांना सभेत ऐकलेलं. अमेरिकन कादंबरीकार हर्मन मेलव्हिल मी सगळ्यात जवळचा मानतो, कारण तोही कस्टमवाला. व्हेल मारणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून गेलेला, 1851 मध्ये मोठी कादंबरी लिहिली, ती चालली नाही, आणि 1866 पासून 19 वर्षं न्यूयॉर्कच्या धक्क्यावर इन्स्पेक्टर. 1891 ला गेला तेव्हा लोक त्याला विसरले होते. त्याची शेवटची गोष्ट कागदांमध्ये पडून होती, ती 1924 मध्ये छापून आली. मी पुढे याच धंद्यात राहिलो, परीक्षा देऊन कस्टम ब्रोकर झालो, आणि गोदीत मालाची तपासणी चालू असताना कधीकधी हा माणूस मनात येतो, दिवसभर असाच माल तपासून रात्री घरी लिहायला बसणारा.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. कष्टाने लेखक घडतो असं सर कधीच म्हणाले नाहीत, आणि मलाही ते पटत नाही. त्या दोघी मुलींपैकी एकीने विचारलं होतं, सर यात बायका कुठे आहेत? पुढच्याच आठवड्यात सर इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वूल्फ घेऊन आले. 1929 मध्ये वूल्फने स्वच्छ हिशोब मांडला, बाईला कथा-कादंबरी लिहायची तर वर्षाला 500 पौंड आणि स्वतःची एक खोली पाहिजे. आणि अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन, ॲमहर्स्ट गावातल्या घरात पाव भाजणारी, तिच्या पावाला 1856 च्या गावच्या प्रदर्शनात दुसरा नंबर मिळालेला, कविता पाकिटांच्या मागे, एक तर नारळाच्या केकच्या कृतीच्या मागे लिहिलेली. जवळजवळ 1800 कविता, त्यातल्या जिवंतपणी छापल्या गेल्या जेमतेम दहा. तिला निदान स्वतःची खोली होती, दाराला कडी होती. दहा बाय दहाच्या खोलीत आठ जणांत राहणाऱ्या त्या मुलीला वूल्फचं म्हणणं आमच्यापेक्षा जास्त समजलं असणार. ती दहावीनंतर दिसली नाही. कुणाला तिचा पत्ता असेल तर कमिटीला कळवा.

विसाव्या शतकाला दहावीचं वर्ष लागलं आणि बोर्ड जवळ आल्यामुळे ते घाईत झालं. कवी टी. एस. एलियट लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरीला, 1917 ते 1925, तिथेच असताना 1922 ची ‘द वेस्ट लँड’ ही मोठी कविता, सकाळी लंडन ब्रिजवरून ऑफिसकडे निघालेल्या गर्दीची, मान खाली घातलेल्या माणसांची. व्हीटी स्टेशनच्या बाहेर नऊ-सव्वानऊला उभं राहिलं की ती कविता कळते, त्याला समीक्षेची गरज नाही. आणि ती संपते उपनिषदातल्या शब्दांवर, शेवटी तीनदा शांतिः, जे आम्ही रोज प्रार्थनेत म्हणायचो. ते ऐकून वर्गात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काळा अमेरिकन कवी लँग्स्टन ह्यूज 1925 मध्ये वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात टेबलावरच्या उष्ट्या प्लेटा उचलायचा, तिथे एक नावाजलेला कवी जेवायला आला तेव्हा त्याच्या ताटाशेजारी याने आपल्या तीन कविता ठेवल्या आणि निघून गेला. त्या कवीने त्याच रात्री आपल्या कार्यक्रमात त्या वाचून दाखवल्या, दुसऱ्या दिवशी पेपरवाले हॉटेलात हजर, ह्यूजचा प्लेटांच्या ट्रेसकट फोटो. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या काळ्या लेखकांची ती पिढी सरांनी एवढ्या एका प्रसंगावर शिकवली, आणि तिथून मुंबईत 1972 साली निघालेल्या दलित पँथरपर्यंत, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेल्या नावापर्यंत आम्हाला आणलं.

सर आता नाहीत. त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलेली पुस्तकं ऑफिसातल्या लोखंडी कपाटात होती. मुख्याध्यापकांना विनंती आहे की या सुवर्णमहोत्सवात त्यांची यादी करावी, फाटलेली बांधून घ्यावीत आणि ती मुलांना घरी न्यायला द्यावीत, बाइंडिंगचा खर्च मी करतो. आणि आत्ता शाळेत असलेल्या, डिलिव्हरी करून, मॉलमध्ये उभं राहून येणाऱ्या मुलामुलींना सांगतो, सुरुवात डग्लसपासून करा. पुस्तक छोटं आहे, इंग्रजी सरळ आहे, कॉपीराइट कधीच संपलाय त्यामुळे मोबाइलवर फुकट मिळतं. पहिली काही पानं डिक्शनरी लागेल, गुलामांना झालेल्या मारहाणीची वर्णनं वाचवणार नाहीत, थांबावं लागेल, पण ब्रेड देऊन धडा घेणारा मुलगा सातव्या प्रकरणात आहे, तिथपर्यंत जा.